बदलापूरला राहायला येताना: घर, गाडी, पाणी आणि पाऊस

बदलापूरला घर बघायला येणारी बहुतेक मंडळी रविवारी दुपारी येतात. गाडीला गर्दी नसते, एजंट मोकळा असतो, नवी इमारत उन्हात चकचकीत दिसते आणि दोन-अडीच तासांत टोकन देऊन माणूस परत जातो. इथे राहताना जे जे त्रासाचं ठरतं ते रविवारी दुपारी दिसतच नाही. सकाळची लोकल, पाण्याची वेळ, रात्रीचा केमिकलचा वास आणि जुलैतली नदी यांची वेळ वेगळी असते. म्हणून घर बघताना काय बघायचं यापेक्षा ते कधी बघायचं, हे आधी ठरवा.

१. आधी बाजू ठरवा, बिल्डिंग नंतर

रेल्वेमार्गाने गावाचे दोन भाग केले आहेत. पूर्वेला कुळगाव, गांधी चौक, कात्रप, शिरगाव, खरवई. पश्चिमेला जुनं बदलापूर गाव, बेलवली, मांजर्ली, रमेशवाडी, हेंद्रेपाडा, सोनिवली, बॅरेज रोड. नगरपरिषदेचं नाव 'कुळगाव-बदलापूर' आहे ते यामुळेच. एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शाळा किंवा पाळणाघर, असं शक्यतो करू नका. पूर्व-पश्चिम जोडणारा उड्डाणपूल संध्याकाळी तुंबतो, आणि बेलवलीच्या भुयारी मार्गात जोराच्या पावसात पाणी साचतं. पायी जाणाऱ्याला स्टेशनचा पूल आहे, पण मूल कडेवर आणि हातात दप्तर घेऊन तो रोज दोनदा चढायची तयारी ठेवावी लागते.

अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे एजंटचं वाक्य मोटारसायकलवरचं असतं, तेही पहाटेचं. स्वतः चालून बघा. चालत १५ मिनिटांच्या आत असेल तर रिक्षाचा खर्च आणि रांग दोन्ही वाचतात. त्यापलीकडे गेलात की शेअर रिक्षा आली. इथे रोजचा प्रवास मीटरवर होत नाही. ठरलेल्या मार्गावर माणशी भाडं असतं, मागे तीन आणि बऱ्याचदा पुढे एक. त्यामुळे घराजवळून कोणत्या स्टँडची रिक्षा जाते आणि रात्री ११ नंतर ती मिळते का, हे दोन प्रश्न सोसायटीच्या वॉचमनला विचारा. एजंटला विचारून उपयोग नाही. रात्री उशिरा शेअर बंद होऊन 'स्पेशल' सुरू होते, आणि महिन्याच्या हिशोबात तो आकडा बोचतो.

पूर्वेला खरवई-मानकिवलीकडे एमआयडीसी आहे, तिथे रासायनिक कारखाने आहेत. वारा तुमच्याकडे वळला की वास रात्री किंवा पहाटे येतो, दिवसा पत्ता लागत नाही. त्या बाजूला घर घेत असाल तर रात्री १० नंतर एकदा जाऊन अर्धा तास थांबा. खाली पान-टपरीवर विचारलंत तर आठवड्यातून किती वेळा वास येतो हे तिथली माणसं लगेच सांगतील.

२. गाडीचा हिशोब

सीएसएमटी ते बदलापूर रेल्वेने ६८ किलोमीटर. जलद गाडीला साधारण दीड तास, धीमीला पावणेदोन ते दोन तास. नव्या माणसाला 'फास्ट'चा अर्थ नीट ठाऊक नसतो. कल्याणच्या अलीकडे गाडी स्टेशनं गाळते, पण कल्याणपासून पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असं प्रत्येक स्टेशन घेतेच.

घरापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंतचा वेळ असा मांडा: घर ते फलाट १५ मिनिटं, गाडीची वाट ८, गाडीत ९०, उतरून ऑफिसपर्यंत १५. झाले दोन तास आठ मिनिटं, एका बाजूचे. आता घर स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर असेल तर सकाळच्या रांगेची १० मिनिटं वाढवा. ठाण्यात नोकरी असेल तर चित्र बरंच सुसह्य होतं, गाडीत ५० मिनिटांच्या आसपास. नवी मुंबईला रेल्वेने जायचं तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडावी लागते. ठाण्यात ती ९ आणि १० नंबरच्या फलाटांवर मिळते, म्हणजे गर्दीत पूल चढून शेवटच्या टोकाला. तळोजा-महापे भागात काम असलेले लोक म्हणून खोणीमार्गे रस्त्याने जातात.

मुंबईहून परतताना इंडिकेटर वाचायला शिका. 'बीएल' म्हणजे बदलापूर, 'एस' म्हणजे कर्जत, 'एन' म्हणजे कसारा. कल्याणनंतर मार्ग फुटतो. टिटवाळा, आसनगाव, कसारा या गाड्या बदलापूरला येत नाहीत. घाईत चुकून त्यात चढलात तर घाबरायचं कारण नाही, कल्याणला उतरा आणि पुढची कर्जत, बदलापूर, अंबरनाथ बघा. अंबरनाथ गाडी मात्र एक स्टेशन आधीच संपते, आणि तिथून पुढे रात्री रिक्षावाला म्हणेल तो दर.

बसायची जागा हा वेगळाच विषय. कर्जत आणि खोपोलीहून येणारी गाडी बदलापूरला भरूनच येते. बदलापूरहून सुटणारी गाडी रिकामी मिळेल असं वाटतं, पण तीही तशी मिळत नाही. अंबरनाथचे प्रवासी उलटे बदलापूरला येतात आणि त्याच गाडीत बसून राहतात. त्यामुळे गाडी फलाटाला लागते तेव्हा खिडक्या गेलेल्या असतात. यावरून फलाटावर अधूनमधून खटके उडतात. नवख्याने त्यात पडू नये. तीन जणांच्या बाकावर चौथा अर्धा बसतो ती 'चौथी सीट' मागितली तर बहुधा मिळते. पण आधी विचारायचं, 'जरा सरकता का'. न विचारता टेकलात तर ठाण्यापर्यंत टोमणे ऐकावे लागतील. डब्यातले ग्रुप वर्षानुवर्षांचे असतात, ठरावीक गाडी, ठरावीक डबा, ठरावीक दार. दोन-तीन आठवडे रोज एकाच डब्यात चढलात की कुणीतरी आपणहून बॅग वर ठेवायला हात पुढे करतं.

करार करण्याआधी एक कामाचा दिवस काढा. सकाळी तुम्हाला लागेल त्या वेळची गाडी बदलापूरहून पकडा आणि संध्याकाळी त्याच गर्दीत परत या. हे केल्यावर बऱ्याच जणांचं मत बदलतं. काहींचं जागेबद्दल, काहींचं नोकरीच्या वेळेबद्दल. जमलं तर ऑफिसला वेळ तासभर पुढे किंवा मागे सरकवून मागा. भाड्यात वाचणाऱ्या पैशांपेक्षा तो तास जास्त कामाचा.

पास तिमाही काढा. त्याचं भाडं मासिक पासाच्या तिप्पट नसून २.७ पट असतं, सहामाही ५.४ पट. एसी लोकलचं भाडं वेगळं, साध्या दुसऱ्या वर्गाच्या पासावर त्यात चढलात तर दंड. रविवारी बाहेर पडण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद आहेत का, ते तपासा. कल्याणपलीकडे गाड्या आधीच विरळ, त्यात एक रद्द झाली की पाऊण तास फलाटावर उभं राहणं सहज होतं.

एजंट मेट्रोचा नकाशाही दाखवेल. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४ चा प्रस्ताव बरीच वर्षं चर्चेत आहे. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाचं नावही घेतलं जाईल. ऐकून घ्या, पण भाव ठरवताना आज जी गाडी धावते तीच धरा.

३. नदी कुठवर येते ते बघा

पश्चिमेला उल्हास नदी आहे. २६ जुलै २००५ चा पूर मुंबईसोबत इथेही आला. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल आणि गावकऱ्यांच्या मदतीने बाहेर काढावं लागलं. २०२१ च्या जुलैतही पाणी वस्तीत शिरलं. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, मांजर्ली, वालिवली या भागांत हे पाणी लोकांनी पाहिलेलं आहे. तिथे सगळ्याच इमारती बुडतात असं नाही. एकाच रस्त्यावर एक इमारत कोरडी राहते आणि शेजारची पाण्यात जाते, कारण जोत्याच्या उंचीत दोन-तीन फुटांचा फरक असतो.

नदीला दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदी आणि दोन्हींच्या मधे अटींसह परवानगी. फ्लॅट विकत घेत असाल तर भूखंडाचा सर्व्हे नंबर घेऊन नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जा आणि पूररेषेच्या नकाशावर ती जागा स्वतः बघा. बिल्डरच्या ऑफिसात लावलेल्या रंगीत नकाशात नदी सुंदर असते, रेषा नसतात.

भाड्याने घेत असाल तर एवढी चौकशी लागणार नाही. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये जा आणि भिंतीवर मातीची आडवी रेघ दिसते का बघा. नव्याने रंग दिला असेल तर जिन्याखालची, मीटरच्या खोलीतली, पंपाच्या मागची भिंत बघा, तिथे रंगारी पोचलेला नसतो. विजेचे मीटर जमिनीपासून किती उंचीवर आहेत? एखाद्या जुन्या इमारतीत ते छातीच्या वर हलवलेले दिसले तर पाणी कुठवर आलं होतं ते कळलंच. लिफ्टचा खड्डा आणि जमिनीखालची पाण्याची टाकी पुरात पहिल्यांदा जातात, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या माणसालाही चार-पाच दिवस पाणी आणि लिफ्ट दोन्ही नसतात. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, '२०२१ ला माल कुठपर्यंत भिजला?' तो फळीवर हात ठेवून दाखवेल.

४. पाणी

बदलापूरला पाणी नगरपरिषद देत नाही, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं. बिलही त्यांचंच, तक्रारही तिथेच. उल्हास नदीला भर उन्हाळ्यातही प्रवाह असतो, कारण भिवपुरीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून वीज तयार करून सोडलेलं पाणी तिला मिळतं. ते बॅरेजवरून, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्यावरून उचलून, शुद्ध करून, पंपाने टाक्यांत चढवलं जातं. या साखळीत कुठेही वीज गेली की पाणी अडतं. म्हणून महावितरणने देखभालीसाठी दिवसभर वीज बंद ठेवली की त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी नळ मुकाट असतो. पहिल्या महिन्यात हा संबंध लक्षात येत नाही.

घर बघताना विचारायचं ते असं: पाणी किती वाजता येतं, किती मिनिटं, रोज येतं की दिवसाआड, आणि वरच्या टाकीत चढवायला सोसायटीचा पंप कोण चालवतं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. वॉचमन गावी गेला म्हणून अख्खी बिल्डिंग कोरडी, हे इथे नेहमीचं. बोअरिंग असेल तर ते कशासाठी वापरतात विचारा. बोअरचं पाणी जड असेल तर गिझर आणि वॉशिंग मशीनवर पांढरा थर बसतो. नळाच्या तोंडाला तो दिसतो, हात लावून बघा.

माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा सर्वसाधारण निकष. चौघांना ५४० लिटर. म्हणून माळ्यावर ५०० लिटरची टाकी असलेला फ्लॅट मिळाला तर एक कोरडा दिवस निभावतो. नसेल तर ७०-८० लिटरचे दोन पिंप न्हाणीघरात आणि २० लिटरचा पिण्याचा कॅन, एवढं पहिल्याच दिवशी आणा. माळ्यावर नवी टाकी बसवायची तर आधी माळा आरसीसीचा आहे ना बघा. भरलेली टाकी अर्धा टन असते, आणि फर्निचरवाल्याने ठोकलेला प्लायचा माळा तेवढं वजन घेत नाही.

५. कागद

भाड्याचा करार ११ महिन्यांचा असो की ३ वर्षांचा, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची. 'नोटरी करून देतो, तेच चालतं' असं इथे सर्रास सांगतात. ते चालत नाही. खर्चही फार नसतो. समजा भाडं महिना ९,००० आणि डिपॉझिट ५०,०००. ११ महिन्यांचं भाडं ९९,००० होतं, त्यात डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि एकूण रकमेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. हे २६० रुपयांच्या आसपास येतं. शहरी भागात नोंदणी फी १,०००. बाकी जे मागतील ती एजंटची मजुरी, ती घासाघीस करून कमी होते. करारात भाडेकरूची पोलीस पडताळणी कोण करणार, रंगाचा खर्च कोणाचा आणि डिपॉझिट चावी दिल्यावर किती दिवसांत परत, ही तीन वाक्यं घालून घ्या.

विकत घेणाऱ्याने महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून बघावा. ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या प्रकल्पांचे क्रमांक पी५१७ ने सुरू होतात. तिथे ताबा द्यायची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे ते दिसतं, आणि बिल्डरबद्दल त्याहून बोलकी माहिती दुसरी नाही. नोंदणीकृत करार होण्याआधी एकूण किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला मनाई आहे. 'सीसी आलेली आहे' या वाक्यावर विसंबू नका. सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. राहायला जायचं तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी लागते. ओसीशिवाय ताबा घेतलेल्या इमारतींत पाण्याच्या जोडणीपासून सोसायटीच्या नोंदणीपर्यंत सगळं अडकून राहतं, आणि पुढे फ्लॅट विकताना गिऱ्हाइकाची बँक कर्ज नाकारते.

जुन्या फ्लॅटचं वीजबिल मागा. १२ अंकी ग्राहक क्रमांकावर थकबाकी आहे का ते महावितरणच्या ॲपवर एका मिनिटात कळतं. चावी घेताना मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढून घरमालकाला पाठवून ठेवा.

६. पहिल्या पावसाआधी

एप्रिल-मे आधी भाजून काढतात, पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो. वरचा मजला घेतला असेल तर गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग द्यायला सोसायटीला सांगा, आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा. मग येतो जून.

उल्हास नदीची बदलापूरची इशारा पातळी १६.५० मीटर, धोक्याची १७.५० मीटर. अतिवृष्टीच्या दिवशी हे आकडे मोबाइलवर फिरत राहतात. १६.५० ओलांडली की नदीकाठच्या इमारतींतल्यांनी वाट बघत बसू नये. आधी गाडी उंच रस्त्यावर नेऊन लावा, मग पंपाची वीज तोडा, मग तळमजल्यावरचं सामान वर. गाडी पाण्यात गेलीच तर पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नका. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विमा पॉलिसीत हा दावा नाकारला जातो. बॅटरीची तार काढा आणि टोइंग बोलवा.

पुराचं पाणी जमिनीखालच्या टाकीत शिरलं असेल तर टाकी पूर्ण उपसून, घासून, धुऊन मगच भरायची. त्यानंतर १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं पाणी तेवढं टाकीत ओतायचं. एक तास थांबून वापरा. गढूळ पाण्यात पावडर ओतून भागत नाही, गाळच ती खाऊन टाकतो. पिण्याचं पाणी त्यानंतरही आठवडाभर उकळून घ्या.

जोराच्या पावसात अंबरनाथ-बदलापूर दरम्यान रुळांवर पाणी येतं आणि गाड्या कल्याण किंवा अंबरनाथपर्यंतच धावतात. ऑफिसच्या बॅगेत पॉवर बँक, पाण्याची बाटली, बिस्किटं, रोजची औषधं जून ते सप्टेंबर कायम ठेवा. गाडी मधेच थांबली तर रुळांवरून चालत सुटू नका, पाण्याखाली नाल्यांची मोकळी तोंडं दिसत नाहीत. मुंबईत असताना कळलं तर नातेवाइकाकडे मुक्काम करणं सगळ्यात शहाणपणाचं, आणि अशा एका घराची सोय आधीच करून ठेवा. मूल पाळणाघरात असेल तर शेजाऱ्याचं नाव तिथे लिहून द्या, म्हणजे तुम्ही अडकलात तरी शेजारी मूल घेऊन येतील.

शेताकडेच्या नव्या वसाहतींत पावसात साप निघतात. पार्किंगमध्ये टॉर्चशिवाय उतरू नका, बूट झटकून घाला. चावलाच तर १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. पट्टी आवळणं, कापणं, मांत्रिक, काही नको. मोठ्या दुखण्याला उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय किंवा कल्याण-ठाण्यातली खासगी रुग्णालयं आहेत. रात्री रस्त्याने तिथे पोचायला किती वेळ लागतो हे एकदा आधीच जाऊन बघा. कोंडेश्वरला धबधबा बघायला जायचा मोह पहिल्या पावसातच होतो. तिथल्या डोहात दरवर्षी पोहणारे बुडतात, आणि प्रशासनाची बंदी असेल तेव्हा पोलीस वाटेतून परत पाठवतात.

७. बाजार

रोजची भाजी स्टेशनबाहेर दोन्ही बाजूंना मिळते, भाव संध्याकाळी ८ नंतर उतरतात. खरी मजा जूनमध्ये. आसपासच्या वाड्यांमधून आदिवासी बाया टोपलीत रानभाज्या घेऊन येतात: शेवळं, कर्टुली, भारंगी, कुड्याच्या शेंगा. त्याआधी करवंदं आणि इथली जांभळं. भाव करायला जाऊ नका, ती पाटी भरायला अख्खी सकाळ रानात गेलेली असते.

शेवळं पहिल्यांदा घेत असाल तर त्याच बाईकडून काकडंही घ्या, ती हिरवी आंबट फळं शेजारीच ठेवलेली असतात. शेवळं घशाला खाजतात आणि ती खाज काकडांच्या आंबटपणाने मोडते. बाहेरची सालं सोलून आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाका, उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परता, आणि ठेचलेल्या काकडांचा रस घालून शिजवा. काकडं नाही मिळाली तर चिंचेचा कोळ चालतो, फक्त हात सढळ ठेवा. पिवळा भाग राहिला तर मात्र चिंचही काही करू शकत नाही.